हस्ते गयाबाई

सरोजिनी नगर, लखनौ
३ फेब्रुवारी २०२५

श्रीमती विनया वहिनी यांस,

जयभीम. पाकिटावरचं माझं नाव बघून पत्र न उघडताच फाडलं नसेल, तर पुढे वाचा. तुमचा माझ्याकडे असलेला फोन नंबर पंधरा वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आता कुठल्या तरी ट्रॅक्टरवाल्याचा झाला आहे. त्याच्याशी माझं दोनदा भांडण झालं. म्हणून हे पत्र, शाळेच्या पत्त्यावर. वर्ध्यातून तुमची बदली झाली नसेल असं धरून चालले आहे.

आई गेली. अकरा डिसेंबरला, सकाळी. चहा मागितला आणि मी कप घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. ऐंशी पार केली होती, हाल झाले नाहीत. आलमबागच्या विहारातून माणसं आली, बबनकाकांनी सगळं नीट केलं. तुम्हाला त्याच वेळी कळवायला हवं होतं, पण धावपळीत राहून गेलं.

बाकी ठीक. मी विमा ऑफिसातच आहे, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली. दादा गेल्यापासून गच्चीच्या पाण्याचा जो त्रास होता तो मी गेल्या उन्हाळ्यात मिटवला. विमानं पूर्वीपेक्षा जास्त जातात. टीव्हीवर कुणी कामाचं बोलायला लागलं की नेमकं एखादं डोक्यावरून जातं.

जानेवारीत एक माणूस टेप घेऊन आला होता. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत न विचारता मोजून मोकळा झाला. मी हटकलं तर म्हणतो, "मालकिन से बात हो गई है, आंटी." असो.

मला घराचे कागद लावून ठेवायचे आहेत. त्यासाठी थोडी माहिती हवी होती. २०१० च्या जूनमध्ये तुम्ही ऋचाला घेऊन इथून गेलात, त्यानंतर कधी इथे आला होतात का? घर रिकामं करा असं मला किंवा आईला कधी लिहून कळवलं होतंत का? भाडं म्हणून कधी काही मागितलंत का? सहज विचारते आहे. उत्तर सहीनिशी आलं तर बरं.

नीलम


२७ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तुझं उत्तर आलं. शाळेच्या वहीचं एक पान आणि त्यावर चार ओळी. "आले नाही. लिहिलं नाही. मागितलं नाही. आईंचं ऐकून वाईट वाटलं." खाली पूर्ण सही, तारखेसकट. राग आला की तू कमी बोलतेस आणि अक्षर मोठं काढतेस, ते अजून तसंच आहे.

माझे वकील नरेंद्रजी ते पान बघून खुर्चीतून उठलेच. "मैडम, ये तो मालकिन ने खुद लिखकर दे दिया!" त्यांनी चहा मागवला, वर समोसेही. मी एक खाल्ला. दुसरा गेला नाही.

आता खरं सांगते. समन्स येऊन कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ते प्रश्न नरेंद्रजींचे होते. त्यांनी हिंदीत सांगितले, मी मराठीत केले. "तुम्ही"सुद्धा त्यांचंच. आयुष्यात मी तुला कधी अहो-जाहो केलं नाही आणि परवा पानभर करून बसले. आजचं हे पत्र मी त्यांना विचारून लिहीत नाही. चिठ्ठी-बिठ्ठी काही लिहू नका अशी त्यांची ताकीद आहे.

कायदा असा आहे म्हणे. खरेदीखत तुझ्या नावावर, म्हणजे मालकी तुझी. ताबा माझा. मालकाच्या मर्जीविरुद्ध, उघडपणे, खंड न पडता बारा वर्षं ताबा ठेवला आणि मालकानं तेवढ्यात हालचाल केली नाही, तर मालकाचा हक्क जातो आणि ताबेवाला मालक होतो. लाइट बिल माझ्या नावावर, हाउस टॅक्स मी भरते, गच्ची मी दुरुस्त केली. नरेंद्रजी म्हणाले, "खुल्लमखुल्ला भी है, लगातार भी है. बस, थोड़ी दुश्मनी दिखानी पड़ेगी." मी म्हटलं, त्याची तुम्ही अजिबात काळजी करू नका.

तर मी दावा लावते आहे. वीस मार्चला. तुला वाटेल, किती ही नीच बाई. वाटू दे. पण मला सांग, मी कुठे जाऊ? अठ्ठावन्न वर्षांची, एकटी, आई गेलेली. तू टेपवाला पाठवलास तो आई गेल्यावर महिन्याभरात; मी कळवलं नव्हतं, पण तुला कुणाकडून तरी कळलं असणार. महिनाभर तरी थांबायचं होतंस. त्या दिवसापासून फाटक वाजलं की मला तो टेपवालाच वाटतो. रात्री कुलपं दोन-दोनदा बघते. पंधरा वर्षं ज्या भिंतींना रंग लावला त्या माझ्या नाहीत, हे कुणीतरी टेप लावून सांगून जातं म्हणजे काय असतं ते तुला कळणार नाही.

दावा लावायचा तर शपथेवर काय लिहायचं ते नरेंद्रजींनी वाचून दाखवलं. "मी माझ्या भावजयीला घरातून हाकलून दिलं आणि पुन्हा येऊ दिलं नाही." ते ऐकून मला हसू आलं, बघ. पंधरा वर्षं मी जगाला सांगत आले की दादा गेल्यावर वहिनी आपणहून माहेरी निघून गेली. बबनकाकांना हेच सांगितलं, ऑफिसात हेच सांगितलं. आता कोर्टात सांगायचं की मी हाकलली. त्यातली गोम अशी की कोर्टात सांगायचं तेच जास्त खरं आहे.

तू तेव्हा म्हणालीस, घर विकू, सगळेच वर्ध्याला जाऊ. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "घर दादाचं आहे. बाईच्या नावावर स्टॅम्प ड्यूटीत सूट मिळते म्हणून तुझं नाव घातलं, त्यावर उड्या मारू नकोस." तू एवढंच म्हणालीस, "मी या घरात सूट म्हणून आले का?" दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मी थांब म्हटलं नाही. पाच वर्षांची ऋचा रिक्षातून हात हलवत होती. मी हलवलासुद्धा नाही.

हे मी शपथपत्रात घालणार नाही. तेवढं पहिलं वाक्य पुरेसं आहे.

नीलम


१६ मार्च २०२५

विनया,

दावा लावला नाही. लावणारही नाही. कारण या पाकिटात आहे. पत्र नंतर वाचलंस तरी चालेल. पाकिटात पावत्या आहेत, चौदा. आधी त्या मोज आणि जपून ठेव. मूळ आहेत, झेरॉक्स मी काढलेली नाही, मुद्दाम.

झालं असं. नरेंद्रजींना हाउस टॅक्सच्या जुन्या पावत्या हव्या होत्या. होळीच्या सुटीत मी आईची ट्रंक उघडली. आत अमीनाबादच्या एका कापडवाल्याची पिशवी होती, तिच्यात सगळे कागद टाचणी लावून. मी न बघता अख्खी पिशवी घेऊन वकिलांकडे गेले. ते टॅक्सचे कागद बाजूला काढत होते तेवढ्यात जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या निघाल्या. आपल्या मंडळाच्या, १४ एप्रिलच्या, बबनकाकांच्या अक्षरातल्या. मी म्हटलं, हे चंद्याचं आहे, राहू द्या. पण वकील तो वकील. त्यांनी वाचलं.

"श्रीमती विनया राजरत्न यांजकडून. हस्ते गयाबाई."

दुसरी काढली, तेच. तिसरी, तेच. २०११ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी. लॉकडाऊनच्या वर्षी वर्गणी नंतर गोळा केली होती, तिच्यावरही तेच.

"हस्ते माने?" नरेंद्रजींनी विचारलं. मी सांगितलं, वर्गणी घरटी असते, त्यात देणारी एक असते आणि तिच्या वतीनं हातानं आणून देणारी दुसरी. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "मतलब आपकी माताजी हर साल मान रही हैं कि घर बहू का है, हम तो बस उसकी तरफ़ से बैठे हैं." मग त्यांनी पावत्या नीट पिशवीत भरल्या, पिशवी माझ्याकडे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मैडम, ये आपने मुझे नहीं दिखाया. मैंने नहीं देखा. घर जाकर देख लीजिए, चूल्हा-वूल्हा जलता होगा."

मी त्या बाबतीत फार चांगली नाही, हे तुला सांगून ठेवते. घरी आल्यावर गॅस पेटवला होता. चहासाठी म्हणून, पण पिशवी ओट्यावरच होती. पाच मिनिटं मी तशीच उभी होते. चौदा कपटे, कुणाला पत्ता नाही, आणि घर माझं.

मग गॅस बंद केला आणि आलमबागला विहारात गेले. बबनकाका जयंतीच्या तयारीत होते. काका म्हणजे दादाचे वर्कशॉपमधले सोबती, चाळीस वर्षं इथे काढूनही बोलतात अजून वर्ध्याचंच. विचारलं, काका, हे काय? घरात मी आणि आई, आणि पावती हिच्या नावानं का? काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "मी पयल्याच वर्षी इचारलं गयाबाईला, नाव कोनाचं टाकू? नीलमचं? तर मले म्हनते कशी, घर सुनेचं हाय तर नाव सुनेचंच टाक ना भाऊ. मी फक्त हातानं देनारी. ते आली का दाखवीन, का बाई तुयं नाव कुठं तुटू दिलं नाही." मी म्हटलं, मला कधी बोलली नाही. काका म्हणाले, "तुले सांगितलं असतं तर तू भांडली असती."

भांडले असते, खरं आहे. एका घरात चौदा वर्षं मी ताबा ठेवत होते आणि माझ्याच शेजारच्या खाटेवर झोपणारी बाई तुझी मालकी सांभाळत होती. माझ्या नाकासमोर! वर्गणीचे पैसेसुद्धा माझ्याच पर्समधून न्यायची. मेली म्हातारी. खूप आठवण येते गं तिची.

अजून एक सांगायचं आहे. पहिल्या पत्रात लिहिलं की धावपळीत कळवायचं राहून गेलं. खोटं आहे. शेवटचे दोन महिने आई रोज म्हणायची, विनयाला फोन लाव. मी म्हणायची, नंबर लागत नाही. ट्रॅक्टरवाल्याशी भांडण मी आई गेल्यानंतर केलं, त्याआधी एकदाही लावून बघितला नव्हता. शाळेचा पत्ता तर मला पहिल्यापासून माहीत होता. तिनं तुला बघायचं म्हटलं होतं आणि मी बघू दिलं नाही. या घराचं काय ते होईल, पण हे मला परत करता येणार नाही.

आता तू यांतली एक पावती जरी कोर्टात ठेवलीस तरी मी काही बोलू शकत नाही. नरेंद्रजींनीच समजावून सांगितलं, मालकाच्या वतीनं राहिलेल्या माणसाचा शंभर वर्षांचा ताबासुद्धा मालकाचाच. घर विक, भाड्यानं दे, तुझी मर्जी. मला दोन महिने आधी सांग म्हणजे झालं. काल पावत्या पाकिटात घातल्या आणि जेवले. जानेवारीनंतर पहिल्यांदा दोन भाकरी. फाटक वाजलं तेव्हा भाजीवाला होता, आणि मला तो भाजीवालाच वाटला.

नीलम

माझा नंबर पाकिटाच्या मागे आहे. वापरलाच पाहिजे असं काही नाही.


९ एप्रिल २०२५

विनया,

काल फोनवर आपण दोघी मिळून तीन वाक्यं बोललो आणि पुढे नुसतं नाक ओढलं. ऋचानं शेवटी फोन काढून घेतला, "आत्या, आईचा चष्मा ओला झालाय, मग करते" म्हणाली. आत्या म्हणाली गं ती मला. म्हणून जे बोलायचं ते लिहिते.

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. त्या टेपवाल्या दलालाचं आधी. तू त्याच्याशी कधी बोललीच नाहीस! मी गल्लीत विचारलं. त्यानं आमच्या रांगेतली पाच घरं मोजली आणि पाचही ठिकाणी हेच सांगितलं. समोरच्या मधुमती आंटींचे यजमान स्वतः दारात उभे होते, तरी त्यांना म्हणाला, "मालकिन से बात हो गई है." त्यांनी त्याला हाकलला. आणि मी त्याच्या भरवशावर वकील केला. इतकी वर्षं विमा ऑफिसात खोटे क्लेम पकडून ही माझी अक्कल.

पण त्याहून मोठी दुसरी गोष्ट. २०२२ च्या मे महिन्यात वर्ध्याच्या वकिलानं तुला सांगितलं होतं, जूनमध्ये बारा वर्षं भरतात, आत्ता नोटीस पाठवा नाहीतर घर जाईल. नोटीस टाइप करून तयार होती. तू सही केली नाहीस. "आई त्या घरात असताना त्यांच्या दारावर कोर्टाचा कागद कसा पाठवू? जातं तर जाऊ दे म्हटलं." हे तुझं वाक्य.

म्हणजे तू तिकडे घर सोडून दिलं होतंस आणि आई इकडे ते तुझ्यासाठी धरून बसली होती. दोघींनी एकमेकींना एक अक्षर कळवलं नाही. आणि मधे मी, कुलपं बघत फिरणारी.

आता तू म्हणतेस, मे महिन्यात येते आणि घर तुझ्या नावावर दानपत्र करून देते. मी हे नरेंद्रजींना सांगितलं. त्यांना गहिवरून आलं, फी पण निम्मी म्हणाले. मी नाही म्हटलं. ऐक, रागावू नकोस. माझ्यामागे ते ऋचालाच जाणार. मग एकदा माझ्या नावावर, पुन्हा तिच्या नावावर, दोनदा खर्च कशाला? आणि मला मालकी नकोच होती गं. मला कुणी उठ म्हणू नये, एवढंच हवं होतं. तू काल फोनवर म्हणालीस ना, "तू कुठे जाणार, तिथेच राहा." त्या तीन वाक्यांतलं ते एक. माझं काम तिथेच झालं.

नरेंद्रजींचा जीव तरी तळमळला. "मैडम, सोच लीजिए. इजाज़त से रहेंगी तो कभी मालिक नहीं बन पाएँगी." मी म्हटलं, वकील साहब, दोन महिने मालक व्हायच्या नादात मी एक दिवस सुखानं झोपले नाही. परवानगीनं राहते, तर आता घोरते आहे.

तेव्हा तिकीट काढा दोघी. कानपूर रोडवर मेट्रो आली आहे, विमानतळापर्यंत जाते. पण तुम्ही रेल्वेनंच याल, मला माहीत आहे, मी स्टेशनवर येते. मोठ्या खोलीत हल्ली मी झोपते आणि मालकीण आली म्हणून ती सोडणार नाही, कारण कूलर तिथेच आहे. तिघी तिथेच झोपू. ऋचाला जयभीम सांग, आणि रिक्षातून हात हलवलेला तिला आठवतो का ते विचारू नकोस, मी विचारीन.

आता शेवटचं. जे शपथपत्र कोर्टात देणार होते ते वाया घालवायचं नाही म्हणून तुला देते.

मी, नीलम, राहणार सरोजिनी नगर, शपथेवर लिहून देते की जून २०१० मध्ये मी माझ्या भावजयीला तिच्याच घरातून घालवलं. ती आपणहून गेली असं मी लोकांना सांगत आले ते खोटं होतं. ती गेली तेव्हा मी थांब म्हटलं नाही. ते आज म्हणते आहे. हे मी कुणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे.

नीलम (सही)

साक्षीदार : बबन (सही). सूनबाई, मी पुरतं वाचून सही केली. हे पोरगी लिहिताना लय रडली. लवकर या.